सैल उजवा हात

खारूने आपण होऊन काही मागितलं, असं त्या घरात क्वचितच घडायचं. पोर गरीब. ताटात पडेल ते खाणारी, आणाल तो फ्रॉक घालणारी, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. लहान असताना ती बटणं, पेन्सिलींचे तुकडे, बाटल्यांची झाकणं असलं काहीबाही गोळा करून उशीखाली दडवायची, म्हणून वडिलांनी तिला खार म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी तेच नाव चिकटलं. आईने तिला चित्रकलेला घातलं, तिथून ती मुकाट्याने परत आली. नाचाला घातलं, तर तिथल्या बाईंनीच हात जोडले, "हिला उगाच त्रास नका देऊ हो." अशी ही खारू एकदा बसमधून घरी येताना आईची ओढणी ओढून म्हणाली, "आई, मला हॉकी शिकायचंय."

पुढच्या सीटवर दोन मोठ्या मुली बसल्या होत्या. गुडघे खरचटलेले, केस विस्कटलेले, मांडीवर लांबट पिशव्या आणि त्यातून वर आलेल्या स्टिका. एकमेकींच्या अंगावर रेलून त्या खदखदून हसत होत्या. खारू त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

आईला वाटलं, देव पावला.

आई एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवून बघायचा, कानामागची काडी किंचित गरम करून वाकवायची, मोहरीएवढे स्क्रू आवळायचे. हात इतका हलका की मालक नाजूक फ्रेम दुसऱ्या कोणाला हातात घेऊ द्यायचे नाहीत. पुढे मैदानावर तिला लहानथोर सगळेच काकू म्हणू लागले, तेव्हा आपणही तिला काकूच म्हणू.

मैदान एका शाळेच्या मागे होतं. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, मधे हिरव्यापेक्षा तपकिरी जास्त असं गवत. दर शनिवारी सकाळी तिथे नवशिक्यांचा वर्ग भरायचा. शिकवणारी ताई स्वतः गोलकीपर होती. वय तिशीच्या आत, आवाज मात्र घोगरा, इतका की फोनवर लोक तिला दादा समजायचे.

"स्टिक खाली ठेवा. सपाट बाजू जमिनीकडे," पहिल्या दिवशी ताई म्हणाली. "आता डाव्या हाताने वरचं टोक धरून उचला. डाव्या! अरे, डावा म्हणजे तो नव्हे. हं. आता उजवा हात मधे, दांड्याला गुंडाळलेली टेप संपते तिथे. नीट ऐका. डावा हात या घरचा मालक आणि उजवा हात पाहुणा. स्टिक फिरवायची ती मालकाने. पाहुण्याने नुसती नळी करून बसायचं, स्टिक त्या नळीत गरागरा फिरली पाहिजे. पाहुणा हुकूम सोडायला लागला की घराचं वाटोळं झालं म्हणून समजा."

पोरं खिदळली.

"आता उभं कसं राहायचं? खुर्चीवर बसायला निघालात आणि मधेच कोणीतरी म्हणालं, थांब! तसं."

"ताई, खुर्चीला हात आहेत का?" एका गुबगुबीत मुलाने विचारलं. हा कधी बंदच पडत नसे, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे.

"नाहीत. हात असतील तर झोपशील तू. पायांत खांद्यांएवढं अंतर, डावा जरा पुढे. गुडघे वाकवा, कंबर नाही. कंबरेत वाकलात की हरवलेलं बटण शोधताय असं दिसतं. मान वर. बॉल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला पाहिजे, समोर माणसं दिसली पाहिजेत."

खारूने सगळं ऐकलं, सगळं केलं. फक्त तिचा उजवा हात काही पाहुणा व्हायला तयार होईना. तिने स्टिक अशी आवळून धरली होती, जणू कोणी हिसकावूनच नेणार आहे. बोटांची पेरं पांढरी पडली होती. बॉल उलट्या बाजूला न्यायचा म्हणजे स्टिक फिरवायला हवी. ती फिरेचना आणि बॉल निसटून कुंपणाकडे जाई. खारू धावत जाऊन आणी, पुन्हा आवळून उभी राही. तोंड मात्र हसरं होतं. काकू कुंपणाबाहेर उभी राहून ते हसरं तोंड बघत होती आणि तिचा जीव भांड्यात पडत होता.

दुसऱ्याच आठवड्यात जोड्या लावताना एक मूल कमी पडलं. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि कुंपणाकडे हात केला. "काकू, या ना जरा! नुसतं बॉल अडवायचा आणि परत द्यायचा."

"मी? अहो, मला शाळेत पीटीचा तास आला की डोकं दुखायचं!"

"हे दुखत नाही. या."

काकू पायात साध्या चपला घालून आत गेली. ताईने एक स्टिक तिच्या हातात दिली. आता हे कसं झालं ते काकूला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. डावा हात वर गेला, उजवा त्याच्या जागी गेला आणि स्टिक हातात अशी बसली जशी वर्षानुवर्षं तिथेच होती. समोरून आलेला बॉल टक्कन थांबला. तिने तो परत दिला. पुन्हा आला, पुन्हा थांबला.

ताई बघत उभी राहिली. "काकू, खरं सांगा. खेळत होतात ना कधी?"

"छे हो!"

"मग उजवा हात इतका सैल कसा?"

काकूने हाताकडे बघितलं. दुकानात फ्रेम अशीच धरायची असते, एका हाताने नुसता आधार द्यायचा. पण हे ताईला सांगायचं तिला सुचलं नाही. ती नुसती हसली, आणि हसताना तिला जाणवलं की आपलं तोंड तापलंय, शाळकरी मुलीसारखं.

सुरुवातीला खारूला याचा केवढा अभिमान! "ती माझी आई आहे," असं तिने रेडिओला न विचारता सांगितलं. आता रेडिओला सांगणं म्हणजे गावभर दवंडीच की. घरी आल्यावर इमारतीच्या लांब व्हरांड्यात दोघी टेनिसचा चेंडू घेऊन सराव करायच्या. आणि त्या पहिल्या काही दिवसांत शिकवणारी खारू होती. "आई, गुडघे! आई, मान वर! ताईंनी काय सांगितलं होतं?" असं ती दटावायची आणि काकू खोटंखोटं घाबरायची. वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून थकून आले की दारातच थबकायचे. "दोघींच्या हातात काठ्या? मी आपला शहाण्यासारखा वागतो बाबा," म्हणायचे आणि भिंतीला चिकटून आत जायचे. खारू पोट धरून हसायची.

मग हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता, पारडं फिरलं. काकूला पटापट जमत गेलं, खारूचं घोडं जिथल्या तिथे अडलं. व्हरांड्यात आता काकूचा आवाज ऐकू येऊ लागला. "सैल सोड, खारू. उजवा सैल. अगं, पुन्हा आवळलास. डाव्याने फिरव, डाव्याने. हे बघ, इकडे बघ, असं." ती प्रेमानेच सांगायची. पण दहा वर्षांच्या पोरीला एकच वाक्य दिवसात किती वेळा ऐकायचं असतं? खारू मान डोलवायची. जितकं 'सैल' ऐकायची तितकी ती आवळायची.

मैदानावरही तेच. ताईच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला एक आयतं उदाहरण सापडलं होतं एवढंच. "सगळे इकडे या. काकूंचे हात बघा. बघा, स्टिक फिरतेय, पण उजवा हात हलतोय का?" पोरं कोंडाळं करून बघायची. काकू मधे उभी राहून बॉल डावीउजवीकडे फिरवायची. खारू कोंडाळ्यात मागे उभी राहून बुटाची नाडी बघायची. काकूला ते दिसायचं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

कारण, खरं सांगायचं तर, काकू सुखात होती. कोणीतरी आपल्याकडे बघून "वा" म्हणावं, असं तिच्या आयुष्यात फारसं घडलंच नव्हतं. चष्मा नीट बसला की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं, बसवणारीकडे नाही. आता बुधवारी संध्याकाळी ताई तिला मोठ्या बायकांच्या सरावाला बोलवू लागली. तिने बूट घेतले. ताईने आपली एक जुनी स्टिक तिला देऊन टाकली. दुकानात काम करता करता तिचे हात शिवशिवायचे. गिऱ्हाईक नसलं की ती काचा पुसायच्या कापडाची गुंडाळी करून टेबलाखालून पायाने इकडून तिकडे सरकवायची. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही हल्ली गुणगुणता."

वर्गाचं पहिलं सत्र संपत आलं तेव्हा ताईने पालक आणि मुलांचा सामना ठेवला.

सामना म्हणजे नुसती धमाल. पालकांच्या बाजूने एक दातांचे डॉक्टर होते, ते स्टिक झाडूसारखी धरून धावत होते आणि बॉल सोडून सगळ्याला लागत होते. एक आजोबा गोलमधे खुर्ची टाकून बसले होते, ताईच्या परवानगीने. रेडिओ खेळता खेळता समालोचन करत होता. ताईने आधीच सांगितलं होतं, "मोठ्यांनी सांभाळून. आज पोरांचा दिवस आहे."

उत्तरार्धात रेडिओने बॉल खारूकडे दिला. एरवी खारू बॉल आला की निखारा पडल्यासारखी लगेच दुसऱ्याला देऊन टाकायची. आज तिने दिला नाही. ती निघाली. डॉक्टर आडवे आले, ते चुकले. आणखी एक बाई आल्या, खारूने बॉल त्यांच्या पलीकडून नेला. मुलं ओरडू लागली, "खारू! खारू!" आणि समोर फक्त काकू उरली, तिच्यामागे खुर्चीतले आजोबा.

काकूचे गुडघे वाकले. डावा पाय पुढे गेला. स्टिक जमिनीलगत आली.

त्या वेळी तिच्या मनात काय होतं, हे तिने स्वतःला पुढे हजारदा विचारलं. उत्तर एकच यायचं: काहीच नव्हतं. तिला फक्त बॉल दिसत होता. तो तिच्या उजवीकडे जाणार हे तिला आधीच कळलं. तिने स्टिक आडवी घातली, बॉल अलगद काढून घेतला, इतका स्वच्छ की आवाजही झाला नाही, आणि वळून तो पुढे मारला.

"वा, काकू!" ताई ओरडली. कुंपणाबाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू चार पावलं तशीच धावली, आणि त्या चार पावलांत तिला जो आनंद झाला तो तिला नंतर कायम टोचत राहिला. मग ती थांबली आणि मागे वळली.

खारू अजून तशीच उभी होती, गुडघे वाकलेले, मान वर. मग ती सरळ झाली, कपाळावरचे केस मागे सारले आणि आईकडे बघून हसली. घरी लांबचे पाहुणे आले की ती जसं हसायची, तसं.

सामना संपल्यावर ताई स्टिका पिशवीत भरत होती. काकू हाताखाली मदत करत होती. ताई हळूच म्हणाली, "काकू, खारूचा हात पाहिलात ना आज?"

"अं?"

"उजवा हो! सुटला की! स्टिक कशी फिरत होती डाव्याने. इतके दिवस वाट बघत होते मी. पोरीने एकदम करून दाखवलं."

"हो, पाहिला ना," काकू म्हणाली.

तिने पाहिला नव्हता. बॉल पाहिला होता.

घरी चालत जाताना खारू पुढे होती. काकूला काहीतरी बोलायचं होतं, काहीतरी चांगलं. ती म्हणाली, "काय सुंदर खेळलीस गं आज! उजवा हात मस्त सुटला होता."

खारू थांबली. तिचे डोळे एकदम मोठे झाले. "तू पाहिलंस?"

"हो मग!"

"कधी? डॉक्टरकाकांच्या वेळी की नंतर?"

काकूने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "ते... शेवटी. माझ्याकडे आलीस तेव्हा."

खारू आईच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि चालू लागली.

पुढच्या शनिवारी खारूचं पोट दुखत होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी अभ्यास होता. नंतर एकदा ती सरळच म्हणाली, "मला नाही जायचं."

"अगं पण का? आता कुठे जमायला लागलं होतं!"

"नाही आवडत."

काकूने नवऱ्याकडे तक्रार केली. "अहो, तुम्ही तरी सांगा तिला. ही पुन्हा अर्धवट सोडतेय."

तो जेवत होता. एरवी काहीतरी गंमत करून तो विषय उडवून लावायचा. या वेळी घास खाली ठेवून म्हणाला, "सायकल आपण शिकवली, गणितं आपण शिकवली, बुटाची नाडी बांधायला आपण शिकवली. तिला एक गोष्ट अशी हवी होती, जी आपल्यापैकी कोणालाच येत नाही."

"मी मुद्दाम केलं का?"

"मी कुठे म्हणतोय?"

काकूला रात्रभर ते वाक्य खुपत राहिलं. सकाळी ती खारूच्या पलंगावर जाऊन बसली. "हे बघ, मी सोडते. तू जा. ताईंनाही सांगते, मी येणार नाही."

खारू झटकन उठून बसली. "नको. तू सोडलंस तर सगळे म्हणतील माझ्यामुळे सोडलं."

"कोण म्हणतंय?"

"रेडिओ म्हणेल."

तरीही काकूने सोडलं. स्टिक माळ्यावर टाकली, बुधवारी संध्याकाळी घरात बसू लागली. त्याने काही साधलं नाही. खारू गेली नाहीच, उलट चिडचिड करू लागली. एके दिवशी पुस्तक आपटून म्हणाली, "आता तू सारखी घरात बसून माझ्याकडे बघत असतेस! जा ना तू खेळायला!" मग काकू पुन्हा जाऊ लागली. खेळ तोच होता, हातही तेच, पण आता कोणी "वा" म्हणालं की ती आधी कुंपणाकडे बघायची.

वर्षं गेली. ताईला दुसरीकडे नोकरी लागली आणि जाताना तिने शनिवारचा वर्ग काकूच्या गळ्यात टाकला. काकू तो चांगला चालवू लागली. मुलं तिच्यावर जीव टाकत. ती कोणाचेच हात कोणाला दाखवायची नाही. ज्याच्या हातात अडत असेल त्याच्या शेजारी उकिडवी बसायची, बोलायची नाही, नुसती बघत राहायची. पालक म्हणायचे, काकूंचा संयम बघा. काकूला ते ऐकवत नसे.

खारू पोहू लागली. शाळेच्या तलावात सुरू केलं, मग मोठ्या तलावात, मग स्पर्धा. "येऊ नकोस" असं ती कधी म्हणाली नाही. फक्त तारीख सांगायची नाही. रविवारी संध्याकाळी ओला टॉवेल दोरीवर दिसला की काकूला कळायचं, आज शर्यत होती. "कशी झाली?" ती विचारायची. "ठीक." "कितवी आलीस?" "तिसरी." आणि मायलेकी जेवायला बसायच्या. भांडण नव्हतं. एकमेकींचं सगळं करायच्या, आजारपणात उशाशी बसायच्या, टीव्हीवरच्या बातम्या वाचणाऱ्या बाईची नक्कल करून हसायच्या. पण एका खोलीचं दार बंद होतं आणि त्या दारावरून दोघी रोज पाय न वाजवता जायच्या.

पुढच्या शिक्षणासाठी खारू दुसऱ्या शहरात जायला निघाली, तेव्हा काकू तिची पिशवी भरायला बसली. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिच्या तोंडून निघून गेलं, "खारू, तो बॉल मी सोडायला हवा होता गं."

कुठला बॉल, असं खारूने विचारलं नाही. ती मोज्यांच्या जोड्या लावत होती, तशीच लावत राहिली. मग म्हणाली, "सोडला असतास तर मला कळलं असतं. मग मी जास्त रडले असते."

"मग?"

"मग काय?"

"मग तू परत का नाही गेलीस?"

खारूने हातातला मोजा खाली ठेवला. "आई, बॉलचं मला काही नव्हतं. तू चांगलं खेळायचीस, तू घेतलास. पण घरी येताना तू खोटं बोललीस. तू माझे हात पाहिलेच नव्हतेस. मला आधी वाटलं पाहिलेस, आणि मला इतका आनंद झाला... मग तुझं तोंड बघितलं."

काकूने हातातली घडी तशीच मांडीवर ठेवली. इतकी वर्षं ती एकाच चुकीला कुरवाळत बसली होती, आणि चूक भलतीकडेच होती. बॉल तिने नकळत घेतला होता. पण ते वाक्य तर ती जाणूनबुजून बोलली होती, लेकीला बरं वाटावं म्हणून, आणि स्वतःला बरं वाटावं म्हणूनही.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"दहा वर्षांची होते मी, आई," खारू म्हणाली. मग आईचा चेहरा बघून म्हणाली, "जाऊ दे आता. किती जुनं झालं."

जाऊ दे म्हटल्याने काही जात नाही. पण खारू शहरात गेली आणि रविवारचे फोन सुरू झाले, आणि फोनवर ती घरी असताना बोलायची त्यापेक्षा जास्त बोलू लागली. शेवटच्या वर्षी एकदा तिने सहज सांगितलं, "पुढच्या रविवारी शर्यत आहे. सकाळी. बघ, जमलं तर."

काकूने शनिवारचा वर्ग दातांच्या डॉक्टरांवर सोपवला, मालकांकडून सुट्टी घेतली आणि शनिवारी पहाटेची, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी पकडली. नवऱ्याला म्हणाली, तुम्हीही चला, तर तो म्हणाला, "तू जा. या वेळी तू एकटीच जा."

तलावाची इमारत प्रचंड होती. आत औषधाचा उग्र वास, चारी बाजूंनी घुमणारा गलका. काकू अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसली. मुली ओळीने आल्या आणि ती गांगरली. कारण सगळ्या सारख्याच! डोक्याला घट्ट टोप्या, डोळ्यांवर गडद चष्मे, सगळ्यांचे खांदे रुंद. आयुष्यभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या बाईला चष्म्याआडची आपली लेक ओळखू येईना. शिट्टी झाली, सगळ्या पाण्यात पडल्या, नुसता फेस. काकूने अंदाजाने एकीवर नजर ठेवली, उभी राहून टाळ्या वाजवल्या, घसा बसेपर्यंत ओरडली. ती मुलगी दुसरी आली.

थोड्या वेळाने खारू टॉवेल गुंडाळून वर आली. ओठ निळे पडले होते. "आलीस! कधी पोचलीस? दिसले का मी?"

काकूच्या जिभेवर 'हो' आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही गं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत कळलंच नाही तू कोणती. मी त्या कडेच्या मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. दुसरी आली ना, ती."

खारू अशी हसली की खालच्या पायरीवरचे लोक वळून बघू लागले. "अगं, ती माझी मैत्रीण! मी मधली. मी पाचवी आले. थांब, सांगते तिला, माझ्या आईने एवढा घसा तुझ्यासाठी फोडला म्हणून!"

काकूही हसली. हसताना डोळे पुसले, पाणी हसण्यानेच आल्यासारखे. दोघी बाहेर येऊन एका टपरीसमोर बाकड्यावर बसल्या. खारू चहाचा कप दोन्ही हातांत धरून सांगू लागली, हात पाण्यात कसा जातो, बोटं किती मिटायची, आज वळताना कुठे चुकलं. काकूला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. ती मधे काही बोलली नाही.

"पुढची शर्यत कधी?" शेवटी तिने विचारलं. "आता मी टोपीचा रंग विचारून येईन."

खारूने कप खाली ठेवला. "पुढची नाही गं. ही शेवटची. पुढच्या महिन्यापासून नोकरी, सकाळी सातला निघायचं. सराव कधी करणार? म्हणून तर म्हटलं, एकदा तरी ये."

काकू "हं" म्हणाली. रस्त्यावरून बसेस जात होत्या. खारूच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, मानेवरून आत जात होतं. काकूने पिशवीतून टॉवेल काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"पूस," ती म्हणाली. "सर्दी होईल."